टी प्लस वन: आधी दंडाची फाइल उघडा

लक्झेंबर्गच्या ऑफिसातून मेल आला. टी प्लस वनसाठी, म्हणजे सौद्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात सेटलमेंट (पैसे आणि सिक्युरिटी यांची अदलाबदल) करायला, पुण्याची टीम तयार आहे का, हो किंवा नाही, शुक्रवारपर्यंत कळवा. सोबत चाळीस कॉलमचं एक्सेल. मी उलट एकच प्रश्न टाकला: गेल्या बारा महिन्यांत सेटलमेंट चुकल्याच्या पेनल्टीपोटी आपले किती युरो गेले आणि किती आले, दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतील का? शुक्रवार गेला, पुढचा बुधवारही गेला. मग उत्तर आलं की ती माहिती कस्टोडियनकडे, म्हणजे आपले शेअर-रोखे सांभाळणाऱ्या बँकेकडे असते, आपल्याकडे नाही.

माझ्या एक्सेलचं उत्तर मला तिथेच मिळालं.

मी पुण्यात खराडीला बसून एका मध्यम आकाराच्या युरोपियन फंड कंपनीचं ट्रेड सपोर्ट बघते. त्याआधी मुंबईत एका कस्टोडियन बँकेत होते. भारतातलं टी प्लस वन आम्ही तिथे अंगावर घेतलं. पुणे, मुंबई, फ्रँकफर्ट, डब्लिन, कुठेही हेच काम करणारी मराठी माणसं भेटतात आणि सध्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये असलंच एखादं एक्सेल पडलेलं असतं. ते भरण्याआधी काय करायचं, ते सांगते.

नियम थोडक्यात. युरोपियन युनियनमध्ये आज शेअर किंवा रोखा घेतला की पैसे आणि सिक्युरिटी यांची अदलाबदल दोन कामकाजाच्या दिवसांत होते. बहुतेक देशांत हे ६ ऑक्टोबर २०१४ पासून असंच चाललंय. सीएसडीआर नावाच्या कायद्याच्या पाचव्या कलमात बदल झाला, तो २०२५ च्या ऑक्टोबरात राजपत्रात आला आणि ११ ऑक्टोबर २०२७ पासून ही मुदत एका दिवसावर येते. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडनंही तोच दिवस धरलाय. सक्ती ट्रेडिंग व्हेन्यूवर, म्हणजे एक्स्चेंजसारख्या ठिकाणी झालेल्या सौद्यांना आहे. रेपो (रोखे तारण देऊन घेतलेली उधारी) आणि सिक्युरिटी लेंडिंगसारख्या व्यवहारांना सूट आहे. पण ‘आमचे बरेच बाँड ओटीसी, म्हणजे एक्स्चेंजबाहेर थेट घेतलेले आहेत, आम्हाला काय फरक पडतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला समोरच्या ब्रोकरशी एकदा बोलायला लावा. तो तुमच्यासाठी वेगळं घड्याळ ठेवणार नाहीये.

एक दिवस कमी झाला म्हणजे निम्मा वेळ गेला, असं वाटतं. तसं नाही. युरोपातल्या बँकांची संघटना असलेल्या एएफएमईनं हिशोब मांडला होता की ऑफिसच्या वेळेतले हाताशी असलेले तास बारावरून दोनवर येतात. मुंबई-पुणे गाडीला दोन तास उशीर झाला तरी जोडगाडी मिळायची, आता दहा मिनिटं उशीर झाला की जोडगाडी गेली, असा हा प्रकार आहे.

पेनल्टीची फाइल कशी वाचायची

१ फेब्रुवारी २०२२ पासून युरोपात सेटलमेंट चुकलं की डिपॉझिटरी, म्हणजे शेअर-रोख्यांची खाती ठेवणारी संस्था, रोजच्या रोज दंड लावते. चांगली उलाढाल असलेल्या शेअरला दिवसाला एक बेसिस पॉइंट, म्हणजे दहा हजाराला एक. कमी उलाढालीच्या शेअरला त्याच्या निम्मा, कंपनीच्या रोख्याला ०.२०, सरकारी रोख्याला ०.१०. बारा लाख युरोचे शेअर एक दिवस अडकले तर १२० युरो. आकडा ऐकून कोणी खुर्चीतून उठत नाही आणि म्हणूनच ही फाइल कोणी उघडत नाही.

कस्टोडियनकडून बारा महिन्यांचा ओळीओळीचा तपशील मागवा. मासिक बेरीज नको. बेरजेत एक गंमत असते: समोरच्यानं माल (म्हणजे शेअर किंवा रोखा) दिला नाही तर दंड तो भरतो आणि तो आपल्या खात्यात जमा होतो. गेलेले आणि आलेले वजा करून कस्टोडियन एकच निव्वळ रक्कम दाखवतो. वर्षाअखेर ती रक्कम अगदी आपल्या बाजूनंही असू शकते. साहेब खूश. प्रत्यक्षात आपणही चुकलेलो असतो, समोरचा जरा जास्त चुकला एवढंच. म्हणून गेलेले वेगळे, आलेले वेगळे.

मग गेलेल्या ओळींचे दोन ढीग करा. फाइलमध्येच दोन जाती असतात. एक, सौदा मॅच झाला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सूचना जुळल्या, पण माल किंवा पैसा नव्हता. दुसरी, मॅचच उशिरा झाला. दुसऱ्या जातीतला दंड ज्यानं शेवटी सूचना टाकली किंवा शेवटी बदलली त्याच्या माथी बसतो. आमच्याकडे तिथे वादावादी व्हायची, ‘चूक ब्रोकरची, दंड आम्हाला का?’ कारण दुरुस्ती आपण शेवटी केली. सिस्टिमला चूक कोणाची ते कळत नाही, तिला वेळ कळते.

प्रत्येक ओळीपुढे कारण हातानं लिहा. एका माणसाला तीन दिवस हेच काम द्या आणि त्याला दुसऱ्या कुठल्याही मीटिंगला बसवू नका. कारणं पंचवीस निघणार नाहीत, पाच-सहा निघतील. एसएसआय, म्हणजे माल आणि पैसा कुठल्या खात्यात याची कायमची नोंद, जुना. डिपॉझिटरीची जागा वेगळी. ॲलोकेशन, म्हणजे कोणत्या फंडाला किती ही वाटणी, उशिरा. रक्कम जुळत नाही. विकलेला शेअर उसना दिलेला. पैसे वेळेवर आले नाहीत. यापैकी पहिल्या तीनवर नवीन सॉफ्टवेअरचा एक रुपयाही खर्च न करता बरंच काम होतं. म्हणून माझा व्हेंडरच्या डेमोंवर राग आहे. डेमोत सगळे एसएसआय बरोबर असतात.

जे फाइलमध्ये दिसत नाही

आता एक सौदा जवळून दाखवते, कारण पेनल्टीच्या फाइलमध्ये तो कधीच आला नाही.

हिवाळ्यातला मंगळवार. फ्रँकफर्टला दुपारचे ४:५०, पुण्यात रात्रीचे ९:२०. पोर्टफोलिओ मॅनेजरनं पॅरिसला लिस्टेड असलेला एक शेअर चार फंडांसाठी एकत्र घेतला, साधारण बारा लाख युरोचा ब्लॉक. कोणत्या फंडाला किती, हे त्यानं लगेच सांगितलं नाही. बाजार ५:३० ला बंद झाला, तो मुलीला आणायला गेला, घरून लॅपटॉप उघडून ६:४० ला एक्सेल पाठवलं. पुण्यात तेव्हा ११:१० वाजले होते आणि आमची दुसरी शिफ्ट साडेदहालाच सुटलेली. सकाळी साडेसातला आलेल्या मुलानं ते पाहिलं, सिस्टिममध्ये चढवलं, ८:१० ला कस्टोडियनकडे सूचना गेल्या. तिकडे तेव्हा पहाटेचे ३:४०.

ब्रोकरची सूचना तिकडच्या साडेदहाला आली. चारही अनमॅच्ड. आमच्या सूचनेत सेटलमेंटची जागा युरोक्लिअर फ्रान्स, त्याच्या सूचनेत युरोक्लिअर बँक. नावं सख्ख्या भावांसारखी, पण एक पॅरिसची डिपॉझिटरी आणि दुसरी ब्रसेल्सची आंतरराष्ट्रीय डिपॉझिटरी. ११:२० ला मेल. उत्तर ४:३० ला: आमच्या नोंदीप्रमाणे तुमचा एसएसआय हाच आहे. खरंच होता. आम्ही कस्टडी हलवली होती, त्याचं पत्र त्यांच्या एका टीमला गेलं होतं, दुसरीला नाही. लग्नाची पत्रिका जुन्या वाड्यावर गेली आणि पाहुणे बिचारे तिथेच जाऊन उभे राहिले. गुरुवारी ११:४० ला दुरुस्ती झाली, मॅच झालं, त्याच दिवशी सेटल झालं.

दोन दिवसांच्या मुदतीत हा सौदा वेळेवर गेला. दंड शून्य. कुठल्याही अहवालात लाल रंग नाही. टी प्लस वनमध्ये त्याचा सेटलमेंटचा दिवस बुधवार असता. टी-टू-एस या युरोपच्या सामायिक प्लॅटफॉर्मवर पैशासमोर माल या प्रकाराचा कट-ऑफ दुपारी ४ ला आहे. ब्रोकरचं उत्तरच ४:३० ला आलं होतं.

तेव्हा पेनल्टीच्या फाइलनंतरची दुसरी यादी ही: जे सौदे वेळेवर सेटल झाले पण मॅच मात्र सौद्याच्या दिवशी झाले नाहीत. कस्टोडियनकडे मॅचिंगची वेळ मिनिटासकट असते, मागितली की देतात. माझ्या अनुभवात ही यादी पहिलीपेक्षा कितीतरी लांब निघते आणि ती पाहिल्यावरच वरच्या लोकांना घाम फुटतो. एक्सेलमधलं ‘हो किंवा नाही’ या यादीवरून भरा.

संध्याकाळ कागदावर मांडा

युरोपियन युनियनच्या टी प्लस वन इंडस्ट्री कमिटीनं ३० जून २०२५ ला एक रोडमॅप काढला. त्यातल्या शिफारशी बऱ्याच आहेत, पण आपल्यासारख्यांनी दोन वेळा भिंतीवर चिकटवाव्यात. ॲलोकेशन आणि कन्फर्मेशन (दोन्ही बाजूंनी तपशिलाला होकार) सौद्याच्या दिवशीच मध्य युरोपच्या घड्याळाप्रमाणे रात्री ११ पर्यंत. डिपॉझिटरीकडे सूचना रात्री ११:५९ पर्यंत. लंडनची वेळापत्रकं वेगळी आहेत. तिथे कन्फर्मेशन लंडनच्या रात्री ११:५९ पर्यंत आणि सूचना दुसऱ्या दिवशी पहाटे ५:५९ पर्यंत. दोन्ही बाजार करत असाल तर दोन तक्ते करा, एकात कोंबू नका.

तक्ता करताना प्रत्येक ओळीत तिकडची आणि इकडची, दोन्ही वेळा लिहा. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. रात्री ११ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे २:३०, हिवाळ्यात ३:३०. त्यांचा बाजार बंद झाल्याची घंटा वाजते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात ९ आणि हिवाळ्यात १० वाजलेले असतात. बाजार बंद ते ११ हे साडेपाच तास आपल्या टीमच्या झोपेवर पडलेत.

आणि आता लक्ष द्या: ११ ऑक्टोबरला उन्हाळी वेळ चालू असेल, ३१ ऑक्टोबरच्या रविवारी घड्याळं मागे जातील. म्हणजे नवीन पद्धत अंगवळणी पडायच्या आत तीन आठवड्यांत सगळी वेळ एका तासानं सरकणार. त्याच दोन-तीन दिवसांत आपली दिवाळी. रजेचे अर्ज आत्ताच मागवा, मी थट्टा करत नाहीये.

एसएसआयची साफसफाई

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एसएसआय म्हणजे कोणत्या ब्रोकरशी, कोणत्या बाजारात, कोणत्या प्रकारच्या सिक्युरिटीसाठी माल आणि पैसा कुठल्या खात्यात द्यायचा-घ्यायचा याची कायमची नोंद. आमच्याकडची यादी उघडली तेव्हा एकाच ब्रोकरच्या जर्मन शेअरसाठी तीन सक्रिय नोंदी होत्या. कुठली खरी, हे फक्त एका जुन्या सहकाऱ्याला तोंडपाठ होतं आणि तो नोकरी सोडून गेला होता.

आम्ही असं केलं. प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची कधी वापरली ती तारीख घातली. दोन वर्षांत न वापरलेली नोंद बंद. पुसायची नाही, बंद करायची, ऑडिटर विचारतो. उरलेल्यांपैकी सौद्यांच्या संख्येनं पहिले वीस ब्रोकर घेतले. ज्या ब्रोकरनं आपले एसएसआय मध्यवर्ती डेटाबेसमध्ये ठेवलेत, त्याची नोंद थेट तिथून येऊ दिली आणि हाताचा प्रवेश बंद केला. बाकीच्यांची लेखी पत्रं मागवली.

पत्र आलं की लगेच बदलू नका. त्यातल्या नंबरवर फोन करायचा नाही, आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर करायचा आणि दोन माणसांनी सही करायची. ‘आमचं खातं बदललं आहे’ असे खोटे मेल टाकून पैसे वळवणारे लोक आहेत. सगळ्या बाजारात एकाच वर्षी हजारो खात्यांची दुरुस्ती चाललेली असताना त्यांच्यासाठी याहून चांगला हंगाम कुठला?

यानंतरचं पाऊल बहुतेक जण विसरतात. आपल्याकडची त्यांची नोंद सुधारली, पण त्यांच्याकडची आपली? वरचा पॅरिसचा सौदा तिथेच अडकला. वीसही ब्रोकरना लिहा की तुमच्या सिस्टिममध्ये आमच्या नावापुढे काय आहे, त्याचा स्क्रीनशॉट किंवा उतारा पाठवा. ‘सगळं बरोबर आहे’ असं उत्तर स्वीकारू नका. उताराच हवा. आम्हाला चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांच्या नोंदी जुन्या निघाल्या. बाकीच्यांच्या मागे अजून लागले आहे.

सेटलमेंटची जागा ॲलोकेशनच्या वेळीच संदेशात घाला. मुंबईत आम्हाला दोन डिपॉझिटरी माहीत, एनएसडीएल आणि सीडीएसएल. युरोपात तिसाहून जास्त आहेत. युरोबाँड युरोक्लिअर बँकेतही जाऊ शकतो, लक्झेंबर्गच्या क्लिअरस्ट्रीममध्येही. ‘ठरलेलंच आहे’ असं धरून चालायला दोन दिवस होते तेव्हा परवडत होतं.

रक्कम न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा कमिशनच्या गोळाबेरजेत असतं. मॅचिंगला सवलत आहे, पण किती? एक लाख युरोपर्यंतच्या सौद्याला २ युरो, त्यावरच्या सौद्याला २५ युरो. नवीन मुलांना हे दोन आकडे पहिल्याच दिवशी सांगा, तीन सेंटसाठी मेलामेली थांबते.

पोर्टफोलिओ मॅनेजरशी बोलणी

हे काम ऑपरेशन्सचं वाटतं, पण कळ फ्रंट ऑफिसच्या हातात असते. मॅनेजर ॲलोकेशन का थांबवतो? कधी सरासरी भाव पूर्ण व्हायची वाट बघतो, कधी फंडाच्या मर्यादेची तपासणी बाकी असते, आणि बऱ्याचदा सवय. त्याला ‘कृपया लवकर पाठवा’ असा मेल टाकून काही होत नाही. मी तीन वर्षं टाकलेत.

उपयोग झाला तो असा. ऑर्डर टाकतानाच कोणत्या फंडासाठी किती, हे सिस्टिममध्ये असतं, न्याय्य वाटपाच्या नियमामुळे ते आधी ठरलेलंच असावं लागतं. मग ऑर्डर पूर्ण भरली तर वेगळं एक्सेल कशाला? आम्ही ठरवलं की ५:४५ पर्यंत मॅनेजरनं हात लावला नाही तर सिस्टिम आधी ठरलेल्या प्रमाणातच वाटप करून मोकळी होईल. ऑर्डर अर्धवट भरली असेल तर त्याच प्रमाणात. ज्याला बदल करायचाय त्यानं ५:४५ च्या आत करावा. कंप्लायन्सनं दोन आठवडे विचार केला आणि हो म्हटलं. त्या एका नियमानं आमची रात्रीची निम्मी डोकेदुखी गेली. त्याला मुलीला वेळेवर आणता येतं, आम्हाला झोपता येतं.

माल आणि पैसा

माल: विकलेला शेअर उसना दिलेला असेल तर परत बोलावण्याची सूचना विक्रीच्या दिवशीच गेली पाहिजे, लेंडिंग डेस्कला ट्रेडची खबर तत्काळ मिळते का ते बघा. कस्टोडियनला लेखी विचारा की अंशतः सेटलमेंट आपल्या खात्यांवर आपोआप चालू आहे का. दहा हजारांतले साडेनऊ हजार शेअर असताना सगळाच सौदा अडवून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

पैसा जास्त अवघड. गुंतवणूकदाराचे पैसे फंडात दोन-तीन दिवसांनी येतात आणि शेअरचे पैसे उद्या द्यायचे. मधली खिंड उधारीनं भरायची, तर युसिट्स फंडाला (सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठीच्या युरोपियन फंडाला) तात्पुरती उधारी मालमत्तेच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येते. फंडाचं स्वतःचं सबस्क्रिप्शनचं चक्र टी प्लस टूवर आणणं हा खरा उपाय आणि त्यासाठी वितरकांशी बोलणी, प्रॉस्पेक्टसमध्ये बदल, सगळं आलं. ही चर्चा २०२७ च्या उन्हाळ्यात सुरू केलीत तर उशीर झालेला असेल. परकीय चलनाचंही तसंच: डॉलरचे युरो करायचे तर नेहमीचा स्पॉट व्यवहार दोन दिवसांचा. शेअर एका दिवसात आणि चलन दोन दिवसांत, हे जमणार नाही. चलनाचा सौदा त्याच दिवशी, टी प्लस वनच्या भावानं करावा लागेल. आशियाई शेअर असलेला ईटीएफ चालवत असाल तर जपान टी प्लस टूवर आहे हे ट्रेझरीला आठवण करून द्या.

‘आम्ही आधीच केलंय’

पुण्या-मुंबईच्या टीमना मीटिंगमध्ये हे म्हणायचा मोह होतो. मीही म्हणाले होते. भारतानं २५ फेब्रुवारी २०२२ ला सुरुवात केली आणि २७ जानेवारी २०२३ ला सगळे शेअर टी प्लस वनवर आणले, अमेरिकेच्या सोळा महिने आधी. अभिमान आहेच. पण आपल्याकडे एक चलन, दोन डिपॉझिटरी, मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन. युरोपात कित्येक चलनं, प्रत्येक देशाची वेगळी सुट्टी आणि आपल्यासारख्या फंडाचा सौदा ब्रोकरशी थेट मॅच करायचा. अनुभव जसाच्या तसा उचलता येत नाही.

एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. सेबीनं बाजारमूल्यानं सगळ्यात खालच्या शंभर शेअरपासून सुरुवात केली, मग दर महिन्याला वर सरकत गेले. त्यामुळे पहिल्या महिन्यांतल्या आमच्या चुका छोट्या शेअरमध्ये झाल्या. युरोपात सगळं एकाच सोमवारी. मग टप्पे आपणच पाडायचे. आम्ही ठरवलंय की २०२७ च्या जानेवारीपासून जर्मन शेअरचे सौदे त्याच रात्री ११ ची मुदत असल्यासारखे हाताळायचे. कायदा दोन दिवस देतो, आपण घ्यायचे नाहीत. फेब्रुवारीत फ्रान्स आणि नेदरलँड्स, मग इटली-स्पेन, शेवटी बाँड. दर शुक्रवारी मॅचिंगच्या वेळेची यादी काढायची. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

रात्रीची शिफ्ट

मॅनेजमेंटला सुचणारा सगळ्यात सोपा उपाय: पुण्याला रात्री बसवा. सरसकट नकार देऊ नका आणि एकदम होही म्हणू नका. वरच्या दोन याद्या साफ झाल्या की रात्री किती सौदे हातानं बघावे लागतील, तो आकडा काढा. आमच्याकडे तो दोन माणसांच्या कामाएवढा येतोय, अठराच्या नाही. दोन माणसं पहाटे चारपर्यंत, आळीपाळीनं, आणि लक्झेंबर्गचा एक माणूस रात्री ९ पर्यंत, म्हणजे ब्रोकरला फोन करायला त्यांची भाषा बोलणारं कोणीतरी राहील.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार रात्री ९:३० ते सकाळी ७ मध्ये महिलांना काम द्यायचं तर त्यांची संमती लागते, सुरक्षा आणि घरापर्यंतची वाहनव्यवस्था लागते. लक्झेंबर्गच्या बजेटमध्ये ही ओळ आपोआप येत नाही, तिकडे कोणाला ती ठाऊकच नसते. कॅबचा खर्च प्रकल्पाच्या बजेटमध्ये आत्ताच घाला, नंतर तो ‘पुण्याचा ओव्हरहेड’ म्हणून तुमच्याच गळ्यात येईल.

नवीन टूल घेणारच असाल तर एक टीप. १७ जानेवारी २०२५ पासून डोरा हा आर्थिक कंपन्यांच्या आयटी सुरक्षेचा युरोपियन कायदा लागू आहे. प्रत्येक आयटी पुरवठादाराचा करार आणि नोंदवहीतली ओळ त्याच्या कलमांप्रमाणे लागते. समूहातली पुण्याची कंपनी आयटी सेवा देत असेल तर तीही पुरवठादारच. करारालाच काही महिने जातात, त्यामुळे उशिरा निवडलेलं टूल ऑक्टोबरला हाती लागणार नाही.

त्या आठवड्याचा हिशोब

शुक्रवार ८ ऑक्टोबरचे सौदे जुन्या नियमानं दोन दिवसांनी, म्हणजे मंगळवार १२ ला. सोमवार ११ चे सौदे नव्या नियमानं एका दिवसानं, म्हणजे तेही मंगळवार १२ ला. त्या मंगळवारी दोन दिवसांचं सेटलमेंट एकत्र पडणार. रोखीचा अंदाज दुप्पट धरा, क्रेडिट लाइनची मर्यादा कस्टोडियनशी आधी बोलून घ्या. कॉर्पोरेट ॲक्शनवाल्यांना वेगळं बसवून सांगा: आज एक्स-डेट (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला लाभांश मिळत नाही) रेकॉर्ड डेटच्या (ज्या दिवशीच्या नोंदीवरून लाभांश ठरतो) एक दिवस आधी असते, पुढे दोन्ही एकाच दिवशी येतील. त्या आठवड्यातल्या लाभांशाचे दावे हातानं तपासावे लागतील. शनिवारी दसरा आहे, त्यामुळे वीकेंडच्या चाचणीला कोण येणार ते गणपतीतच ठरवून टाका.

कस्टोडियनची फाइल अखेर काल संध्याकाळी आली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात निव्वळ रक्कम, आमच्या बाजूनं जमा. मी ते पान बाजूला ठेवून दोन कॉलम केले. उद्या साडेसातच्या शिफ्टला दोन मुलं त्यावर बसतील, कारणं हातानं लिहायला. आणि एसएसआयचा उतारा न पाठवलेल्या सोळा ब्रोकरना दुपारी पुन्हा फोन. जुन्या नंबरवरच.